परत ओतलेलं पाणी

चैत्र सरत आला की जव्हारच्या हवेत दुपारनंतर एक वास शिरतो. आजूबाजूच्या पाड्यांवर राब भाजायला सुरुवात झालेली असते. भात-नागलीचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर पाला, वाळक्या फांद्या, शेणाचा चुरा पसरायचा, वरून माती भुरभुरवायची आणि वारा पडलेला बघून पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तण येत नाही, रोप जोमाने उठतं. त्या धुराचा वास वाईट नसतो. आमच्या शाळेत नाशिकहून बदलून आलेल्या एक बाई आहेत, त्या तर वर्गाची खिडकी उघडून उभ्या राहतात आणि म्हणतात, काय छान गावाकडचा वास आहे. मी उठून माझ्या वर्गाची खिडकी लावून घेते. कोणी विचारलंच तर धुराची ॲलर्जी आहे म्हणून सांगते. ॲलर्जी-बिलर्जी काही नाही. मला त्या वासाची लाज वाटते.

धुराची कुणाला लाज वाटते का, असं तुम्ही म्हणाल. मला वाटते. आधी कान तापतात, मग पोटात ढवळतं. उलटी होत नाही. पोटातलं पोर बाहेर येऊन आता पाचवीत गेलं. पण शरीराची आठवण आपल्याला विचारून चालत नाही. माझी मुलगी म्हणते, आई, तुझं सुरू झालं. मी तिला म्हणते, गप अभ्यास कर. तिला ठाऊक नाही की हे सुरू झालं ते तिच्यामुळे.

खोडाळ्याच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. मी तिथे सून होऊन गेले तेव्हा माझं डी.एड. झालं होतं, नोकरी नव्हती. माझा नवरा चंदर होळी करून पुन्हा भिवंडीच्या गोदामात माल चढवायला गेला होता. घरी सासू, तिला आम्ही सगळे आय म्हणतो. थोरले दीर, त्यांना मी दादा म्हणायची. आणि त्यांची बायको, जानीवैनी. त्यांची दोन्ही पोरं आश्रमशाळेत राहायला. म्हणजे घरात चार माणसं, आणि त्या चारांपैकी मी एक, जिला होळीत दिवस गेले आणि राबाच्या सुमारास अंथरूण धरावं लागलं.

पुस्तकात वाचलं होतं की अशा वेळी बाईला डोहाळे लागतात. आंबट खावंसं वाटतं, फुलांच्या झोपाळ्यावर बसावंसं वाटतं. जव्हारच्या फोटो स्टुडिओच्या काचेत एक फोटो लावलेला होता, त्यात एक बाई पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीवर बसून हसत होती. मी पत्र्याच्या घमेल्यासमोर उकिडवी बसलेली असायची. मला मोहाच्या वाळत घातलेल्या फुलांचा वास सहन होईना. तव्याचा, शेळीचा, खुरासणीच्या तेलाचा, माझ्याच केसांचा वास सहन होईना. भाकरी थापल्याचा नुसता आवाज आला तरी घसा वर यायचा. आणि वरून हा धूर. कधी खालच्या माळावरून, कधी शेजारच्या पाड्यावरून, दार लावलं तरी कुडाच्या फटीतून आत यायचा.

सकाळची मळमळ सगळ्यांना ठाऊक असते. तिला कोणी हसत नाही, उलट थोडं कौतुकच असतं. पण माझी सकाळ दिवसभर चालायची. आधी अन्न ठरेना, मग पेज ठरेना, मग पाणी. पाणीसुद्धा ठरत नाही हे पहिल्यांदा झालं तेव्हा मला खरंच वाटलं नाही. अर्धा पेला प्यायले, दोन पावलं चालले, आणि ते जसं गेलं तसंच बाहेर आलं. अंगणात एक ओला डाग पडला. ऊन असं होतं की मी तोंड पुसेपर्यंत डाग वाळत आला. त्या डागाकडे बघताना माझी मान खाली गेली ती पुढे बरेच दिवस वर झाली नाही.

याचं कारण सांगायला हवं. आमच्या पाड्याची विहीर त्या दिवसांत तळाला गेलेली असते. खाली नाल्याच्या पात्रात वाळू उकरून खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. त्यात कडेने पाणी पाझरतं. बायका काठावर रांगेने बसतात. एकीने करवंटीने हळूहळू हंडा भरायचा, पाणी गढूळ झालं की थांबायचं, निवळलं की पुन्हा भरायचं. मग पदराने गाळून, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण. जानीवैनी रोज हे करत होती. आधी आम्ही दोघी जायचो, आता तिला एकटीला माझ्या वाटचंही आणावं लागत होतं. ती हंडा उतरवायची तेव्हा तिच्या मानेवरची शीर थडथड उडताना मला दिसायची. आणि त्याच हंड्यातलं पाणी मी पिऊन अंगणात ओकायची.

कोणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं. जानीवैनी काही बोलली नाही. आय तर चकार शब्द बोलली नाही. मी ओकले की ती चुलीतली राख आणून त्यावर टाकायची, पत्र्याच्या तुकड्याने गोळा करायची आणि कुंपणापलीकडे नेऊन टाकायची. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटायचं, ही मनातल्या मनात माझा हिशेब करते आहे. शिकलेली सून आणली आणि ती घमेलं धरून बसली. तिच्या त्या गप्प राहण्याचा मी एवढा धसका घेतला की तिची चाहूल लागली तरी मी तोंडावर हात दाबून धरायची.

शेजारच्या बायका मात्र बोलायच्या. राबासाठी पाला तोडून भारे वाहण्याचे दिवस, घरातली प्रत्येक बाई रानात. माझ्या अंगावरून जाता जाता एखादी थांबायची, कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, ‘आमाला नाय बा असा कधी झाला. आमी भारा डोक्यावर आन् पोर पोटात, असाच काढला.’ त्यात कुचकेपणा होता असं नाही. ही इकडची एक बोलायची रीत आहे. दुसऱ्याला धीर देताना आपला धट्टेपणा सांगायचा. आय उंबऱ्यावर बसलेली असायची, ती मान हलवायची. आमच्या राबाचा तुकडा त्या वर्षी पातळ पडला होता. दोन हात कमी होते हे वाटेने जाणाऱ्या कुणालाही दिसत होतं.

या सगळ्यात मी एक शहाणपण केलं. मला ते त्या वेळी खरोखरच शहाणपण वाटलं. मी विचार केला, पाणी पोटात राहणारच नाही, तर प्यायचं कशाला? वैनीने एवढ्या लांबून आणायचं, मी ते मातीत घालवायचं, त्यापेक्षा ते हंड्यात राहिलेलं काय वाईट? मग कोणी मला पेला भरून दिला की मी तो हातात घ्यायची, ओठाला लावल्यासारखा करायची आणि घरात कोणी नसलं की सगळा पेला तसाच्या तसा परत हंड्यात ओतायची. तोंड लावलेलं नसायचं, त्यामुळे उष्ट्याचाही प्रश्न नव्हता. ओतताना जो बारीक आवाज व्हायचा तो ऐकून मला बरं वाटायचं. आज काहीतरी वाचवलं, असं वाटायचं.

आणि गंमत म्हणजे उलट्या कमी झाल्या. पोटात काही नसलं तर येणार काय? नुसते कोरडे उमासे यायचे, ते मी गोधडी तोंडात धरून दाबायची. शेजारची म्हणाली, बघ, उतार पडला. आयने मान हलवली. मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

जीभ टाळूला चिकटायला लागली. ओठांच्या कडा फाटल्या. उठून उभं राहिलं की कूड एका बाजूला कलायचा. डोळे मिटले की मला पाणीच दिसायचं. माहेरच्या पाड्याखालचा ओढा, आश्रमशाळेच्या टाकीची गळणारी तोटी, आणि कधी काळी वर्गात फळ्यावर काढलेलं जलचक्राचं चित्र, बाणांसकट. तहान एवढी की रडू यावं, पण रडायला डोळ्यात पाणी नव्हतं. तरी पेला हातात आला की अंगणातला तो डाग आठवायचा आणि मी तो हंड्यात उलटा करायची. लाज तहानेपेक्षा मोठी असते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण ती असते.

आता इथे जव्हारला माझ्या खोलीत नळ आहे. तो दिवसाआड येतो, पण येतो. मी पिंप भरते, बादल्या भरते, पातेली भरते, शेजारीण म्हणते, बाई, तुमच्याकडे लग्न आहे का? शाळा सुटताना मुलं बाटलीतलं उरलेलं पाणी पायरीवर ओततात, तेव्हा मी रागावत नाही, नुसती बघत राहते. परवा पहिलीतल्या एका मुलीला जीपने येताना गाडी लागली असावी. ती वर्गात ओकली. आणि कोणाला कळू नये म्हणून ती त्याच्यावरच बसून राहिली, दप्तर मांडीवर घेऊन, फळ्याकडे बघत. वास आल्यावर मुलांनी नाकं धरली तेव्हा तिचे कान लाल झाले. मी तिला उठवलं, हौदावर नेलं, फ्रॉक धुतला. मी तिला ओंजळीने पाणी पाजलं आणि म्हटलं, पुन्हा उलटी झाली तरी चालेल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की बाई थट्टा करतात की काय. एवढ्याशा जिवाला ही लाज कोण शिकवतं, मला कळत नाही. आम्हीच शिकवत असणार.

तर पाड्यावरची गोष्ट. मला पकडलं ते जानीवैनीने, आणि पकडलं ते अशा जागी की जिथे मी लपवायचा विचारच केला नव्हता. आमच्या घरामागे सरकारी संडास बांधलेला होता, पण त्याला पाणी कुठून घालणार? त्यात नागलीच्या गोणी आणि सरपण ठेवलेलं असायचं. आम्ही बायका उजाडायच्या आधी करवंदीच्या जाळीमागे जायचो. जानीवैनी मला हाक मारायची, कारण त्या दिवसांत मला एकटीला सोडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. एका सकाळी मी म्हटलं, तू जा, मला नाही जायचं. दुसऱ्या सकाळी तेच म्हटलं. ती दारात थांबली. कंदील खाली ठेवला आणि माझ्या अंथरुणाशी येऊन बसली.

‘लघवीला कवा गेलीस?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, काल. तिने पुन्हा विचारलं, काल कधी? मला आठवेना. तिने मला धरून उठवलं, घराच्या मागच्या अंगाला नेलं आणि तिथेच उभी राहिली. जे काही झालं ते घोटभर, आणि रंग काळ्या चहासारखा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या जावेने आपलं हे बघावं, याहून खाली माणूस कुठे जाणार, असं वाटलं. ती मात्र वाकून नीट बघत होती. मग उठून तिने घरात हाक मारली, दादांना उठवलं आणि झोळी बांधायला सांगितलं.

मी नको नको म्हणत होते, पण उभी राहायला गेले आणि तिथेच खाली बसले. गाडीरस्त्यापासून पाड्यापर्यंत जीप येत नाही. जड आजारी माणूस आणि अडलेली बाई, दोन्ही झोळीतून जातात. बांबूला घोंगडी बांधायची, पुढे दोन मागे दोन माणसं. पुढच्या खांद्याला दादा होते. हे दादा म्हणजे असा माणूस की मी समोर आले तर ते दुसरीकडे बघून बोलत. भावजयीचा मान राखायची ती त्यांची पद्धत. मी त्यांच्यासमोर कधी मोठ्याने हसलेही नव्हते. आता मी त्यांच्या पाठीमागे घोंगडीत मुटकुळं होऊन पडले होते. चढ-उताराने झोळी हलली आणि पोटात काही नसताना कुठून कोण जाणे, पिवळं कडू पाणी वर आलं. ते त्यांच्या पाठीवर पडलं, सदऱ्यावरून खाली ओघळलं. ते थांबले नाहीत. मागे वळूनही बघितलं नाही. मागच्या माणसाला फक्त म्हणाले, सावकाश, दगड हाय. मी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि त्या क्षणी अगदी मनापासून मला वाटलं, की आपण रस्त्यापर्यंत पोचूच नये.

मोखाड्याच्या दवाखान्यात हाताची शीर शोधता शोधता सिस्टरांच्या नाकी नऊ आले. शिरा सापडत नव्हत्या. सलाईन लागलं. एक बाटली, मग दुसरी. पंख्याखाली पडून मी त्या नळीतून पडणारे थेंब बघत होते. हे पाणी मला ओकता येणार नव्हतं. ते सरळ रक्तात जात होतं, कुणाच्या डोक्यावरून आलेलं नव्हतं, म्हणून मला त्याची लाज वाटत नव्हती. दुसऱ्या बाटलीनंतर मला लघवीला जावंसं वाटलं, तर जानीवैनी असं हसली की पलीकडच्या खाटेवरची बाईही हसायला लागली.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी विचारलं, पाणी पीत होतीस का? मी हो म्हटलं. किती? मी म्हटलं, देतील तेवढं. वैनीने दुजोरा दिला, म्हणाली, पेला भरून देतो आमी, मोकळा करून ठेवते. डॉक्टरांनी माझ्या जिभेकडे बघितलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती अजूनही उभीच राहिली. ते म्हणाले, खोटं बोलून पोटातल्याचं भलं होणार नाही. दोघांच्याही जिवावरचं आहे हे. मग ते पुढच्या खाटेकडे गेले.

जानीवैनी माझ्याकडे बघत होती. मी भिंतीकडे तोंड केलं आणि तसंच भिंतीला सांगितलं. पेले हंड्यात परत ओतत होते म्हणून. तुझे हाल बघवत नव्हते म्हणून. मातीत घालवण्यापेक्षा घरात राहू दे म्हणून. मला वाटलं होतं ती समजेल, कदाचित तिचे डोळे भरून येतील. मी तिच्यासाठीच तर केलं होतं.

ती भडकली. आवाज न चढवता भडकली, कारण वॉर्डात माणसं होती.

‘मी तुजेसाठी आणत व्हते ना पाणी?’ ती म्हणाली. ‘वकलीस त वकलीस. तो तुजाच व्हता. अंगणात गेला तरी तुजाच. परत हंड्यात टाकलास, मंग मी खाली कोणासाठी जात व्हते?’

इतके दिवस मला वाटत होतं की माझी लाज हे घरातल्यांचं माझ्यावरचं ऋण आहे, आणि मी ते गुपचूप फेडते आहे. तिच्या बोलण्याने कळलं की मी रोज तिचं आणलेलं तिच्या तोंडावर परत करत होते. आजारपणाची लाज वाटत होतीच, त्यावर ही एक नवी लाज बसली, आणि ही खरी होती. ती आजही आहे. बाकीच्या पुसट झाल्या.

सिस्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. पेला नाही, चमचा. एक चमचा, थोडं थांबायचं, पुन्हा एक चमचा. दिवसभर हेच काम. साखर-मिठाचं पाणी, पाकिटातली पावडर, निवळ पेज, नागलीची आंबील थंड करून पातळ, जे ठरेल ते. उलटी झाली तर घाबरायचं नाही, थोड्या वेळाने पुन्हा चमचा. सगळं बाहेर येत नसतं, थोडं आत राहतंच, आणि त्या थोड्यावरच माणूस जगतो. लघवीचा रंग बघत जा, गडद झाली किंवा कमी झाली की वाट न बघता खाली या. उठायच्या आधी एक गोळी. वैनीने सगळं दोनदा विचारून घेतलं. मी डी.एड. झालेली, माझ्याकडे कोणी बघितलंही नाही, आणि ते बरोबरच होतं.

घरी आल्यावर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. धूर होता, वास होते, उलट्या होत्या. चमच्याचं काम वैनीने आयकडे दिलं, कारण तिला झिऱ्यावर आणि राबावर जायचं होतं. आता आय आणि मी, दिवसभर समोरासमोर. तिच्या हातात वाटी, चमचा. चमचा पुढे यायचा, मी तोंड उघडायची. लहान पोराला भरवतात तसं. मोठ्या बाईला असं भरवून घ्यायची फार लाज वाटते, आणि तीही अशा बाईच्या हातून जिने आपली सगळी घाण राखेने झाकली आहे. मी तिच्या डोळ्यांना डोळा देत नव्हते. चमच्याकडे बघायची.

दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी शेजारची एक बाई डोकावली. चमचा बघून हसली, म्हणाली, आमच्या वक्ताला कोण बसला व्हता चमचा घेऊन? आमाला नाय झाला असा. मी नेहमीसारखी आयच्या मान हलवण्याची वाट बघत राहिले. आयने मान हलवली नाही. ती बाई गेली. आयने वाटी खाली ठेवली आणि बराच वेळ चमच्याने वाटीतलं पाणी ढवळत बसली.

‘थोरल्याच्या आधी एक पोर व्हता,’ ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमच्या घरात दादा थोरले आणि चंदर धाकटा, एवढंच सगळ्यांना ठाऊक. चंदरलाही एवढंच. आय पुढे थांबत थांबत बोलली. ती नवीन सून होती, घरात सासू, दोन जावा. ओकारी अशी की काही ठरेना. घरात ओकलं तर तिघींना दिसणार म्हणून ती झिऱ्यावर जाऊन ओकायची, तेही पाणी भरून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. पुढे तिथेही बायका असायला लागल्या. मग तिने तोंडात काही घालायचंच बंद केलं. भारे वाहायचे होतेच, राबाचेच दिवस. अंगात वाफ नव्हती तरी ती उठत होती. आणि एका दुपारी रानातच तिचा गर्भ पडला.

घरी सगळ्यांनी विचारलं, काय झालं, काही जड उचललंस का?

‘मी सांगला, व्हय, मोळी उचलली,’ आय म्हणाली. ‘मोळीचा कारण चांगला व्हता. मोळी कामाची असते. वकत व्हते, पाणी पोटात घेतलाच नाय, असा कसा सांगणार? लाज वाटली.’

तो पाण्यामुळेच गेला की आणखी कशाने, हे आता कोण सांगणार? पण तिने तिच्यापुरतं ठरवून टाकलेलं होतं, आणि चाळीस-एक वर्षं ते पोटात ठेवून ती शेजारणींच्या धट्टेपणाला मान हलवत आली होती. मला एकाएकी कळलं की ती मी ओकले की एवढ्या घाईने राख का आणायची. मला लपवत होती ती. जशी स्वतःला लपवत आली तशी. मी जिला माझी न्यायाधीश समजत होते ती माझ्यासारखीच खाली मान घातलेली बाई होती, फक्त फार जुनी.

तिचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट बघितला. गालावर रंग चढला होता. साठीच्या घरातली बाई, चार घरच्या बाळंतपणांना पुढे असणारी, आणि तिचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, जानीला सांगू नको. चंदरला त नकोच. मी म्हटलं, नाही सांगणार. आज मी हे लिहिते आहे, कारण आय गेली, आणि जायच्या आधी तिनेच एकदा आपणहून जानीवैनीला सांगितलं. चंदरला मी सांगितलं. तो बराच वेळ अंगणात जाऊन बसला होता.

त्या दुपारी आयने पुन्हा वाटी उचलली. मी चमचा घेतला. थोडं थांबून दुसरा घेतला. तिसऱ्याला पोट उलटलं आणि मी तिच्यासमोरच, तिच्या पायांजवळ ओकले. तोंडावर हात नेला नाही. पुढे वाकून सगळं होऊ दिलं. आय माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. ती घाबरली होती. तिला वाटत असावं, आता ही पुन्हा तोंड मिटून घेणार, आणि मग जे व्हायचं ते होणार.

लग्न होऊन आल्यापासून मी त्या घरात कधी तोंडाने पाणी मागितलं नव्हतं. कोणी दिलं तर घेतलं होतं. मी तोंड पुसलं, भिंतीला टेकून बसले आणि म्हटलं, ‘आय, अजून दे.’

तिने वाटीत बघितलं. वाटी रिकामी झाली होती. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि हंड्याकडे गेली.